शाळिग्राम पोहायचा कसा?

आजचा भाग आमच्या तलवाड्याच्या देवघरातून सुरू होतो.

तिथे ताम्हनात एक काळा गुळगुळीत गोटा असतो. शाळिग्राम. त्याला एका बाजूला छिद्र आहे, आत डोकावलं की चक्र दिसतं. तुळशीच्या लग्नात नवरदेव तोच. एकदा मी आजीला सांगितलं, "आज्जी, हा समुद्रातला प्राणी होता." मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण ती सरळ म्हणाली, "मग पाय कुठंयत त्याला? चालायचा कसा?"

मी इंजिनिअर, पण गप्प बसलो. तर आज त्याच प्रश्नाचं उत्तर.

आधी एक गोष्ट. हा दगड आपल्याकडचा नाही. तलवाडा गेवराई तालुक्यात आहे, आणि आपल्या पायाखाली जो काळा कातळ आहे तो लाव्हाचा. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात समुद्री प्राणी सापडायचा नाही. शाळिग्राम येतात नेपाळच्या काली गंडकी नदीतून. हिमालय उभा राहण्याआधी तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळाच्या चिखलात सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी अमोनाइट नावाचे प्राणी गाडले गेले. कोकणात माकूळ खातात ना, त्याचेच हे लांबचे भाऊबंद, फक्त पाठीवर शंख असलेले. आपल्याकडे लाव्हा वाहत होता, जवळपास त्याच काळात जगातले शेवटचे अमोनाइट संपत होते.

गंमत म्हणजे शाळिग्रामातलं चक्र वज्रकीट नावाच्या किड्याने कोरलं, असं आपली परंपरा सांगते. म्हणजे त्यात जिवाचा हात आहे, हे आपल्या लोकांनीही मानलं होतं. इंग्लंडात लोक अमोनाइटला दगड झालेला साप समजायचे. 17व्या शतकात रॉबर्ट हूकने त्याची तुलना नॉटिलसशी केली आणि हे खऱ्या प्राण्याचे शंख आहेत असं ठामपणे मांडलं. नॉटिलस आजही जिवंत आहे. त्याच्या शंखात कप्पे असतात, कप्प्यांत हवा असते, आणि तो नळीसारख्या अवयवातून पाण्याची पिचकारी मारून पुढे सरकतो.

मग अमोनाइटही तसाच पोहत असेल? इथे खरी अडचण येते. शंख उरला, मऊ अंग कुजून गेलं. पण एक गोष्ट बदललेली नाही, ती म्हणजे पाणी. पाण्याचे नियम तेव्हाही हेच होते.

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा बांधलेला आठवतो? डबा जिथे, तिथून अंग वर उचललं जातं आणि जड भाग खाली जातो. अमोनाइटचंही तेच. हवेचे कप्पे वर ओढणार, मांसल अंग खाली ओढणार. आर्थर ट्रूमन यांनी 1941 मध्ये हाच हिशोब मांडला: वजनाचा मध्य कुठे, तरंगण्याचा मध्य कुठे, आणि त्यावरून शंखाचं तोंड कुठल्या दिशेला राहील. कॉम्प्युटरशिवाय!

कॉम्प्युटर आला 1960 च्या दशकात. डेव्हिड रॉप यांनी दाखवलं की शंखाचं वेटोळं मोजक्या चार गोष्टींनी मांडता येतं. वेढा किती वेगाने मोठा होतो, अक्षापासून किती दूर फिरतो, अक्षाच्या दिशेने किती सरकतो, आणि त्याचा काप कुठल्या आकाराचा आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर एक फंक्शन, चार पॅरामीटर. आकडे बदला, नवा शंख तयार. त्यातून एक जास्त मोठा प्रश्न निघाला. कागदावर इतके आकार शक्य असताना निसर्गाने त्यातले थोडेच का वापरले?

1976 मध्ये जॉन चेंबरलेन यांनी शंखांच्या प्रतिकृतींवर पाणी किती अडतं ते मोजून पाहिलं. आणि 2022 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे डेव्हिड पीटरमन आणि कॅथलीन रिटरबुश यांनी तर रोबोटच बनवले. आधी स्क्रीनवर शंखाचं मॉडेल. मग आतलं वजन आणि हवा अशी जुळवली की ते बुडूही नये आणि वरही येऊ नये. मग थ्रीडी प्रिंट, आत छोटा पंप, आणि सोडलं पूलमध्ये. कॅमेऱ्याने प्रत्येक हालचाल टिपली.

निकाल काय? चपटा, तबकडीसारखा शंख पाणी सहज कापतो आणि सरळ रेषेत स्थिर जातो. फुगीर, चेंडूसारखा शंख हळू जातो, जास्त ताकद खातो, पण पटकन वळतो. सगळ्यात भारी असा आकारच नाही. एक मिळवलं की दुसरं सोडावं लागतं. रॉप यांच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर इथे मिळतं.

आता महत्त्वाचं. पंपाची पिचकारी किती जोराची ठेवायची, हे माणसांनी ठरवलं, आजच्या नॉटिलसवरून अंदाज घेऊन. मॉडेलमध्ये गृहीतक असतंच, आणि कोड लिहिणाऱ्याने ते लपवायचं नसतं. म्हणून 2021 चं एक काम मला मोलाचं वाटतं. लेस्ली चर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात सापडलेला सुमारे 16.5 कोटी वर्षांपूर्वीचा एक अमोनाइट क्ष-किरण आणि न्यूट्रॉनने स्कॅन केला. दगड न फोडता. त्यात स्नायूंच्या खुणा दिसल्या, पिचकारीच्या नळीच्या खुणाही दिसल्या. म्हणजे पिचकारीच्या गृहीतकाला निदान एका तरी दगडातून पुरावा मिळाला.

मॉडेल "असंच झालं" असं सांगत नाही. ते सांगतं, "या शंखाला हे जमलं असतं, हे जमलं नसतं." 15 कोटी वर्षांनंतर एवढं कळणंही थोडं नाही.

आजीला मी फोनवर रोबोटचा व्हिडिओ दाखवला. म्हटलं, "पाय नव्हते आज्जी. पाणी मागं फेकायचा आणि पुढं जायचा. बहुतेक उलटाच पोहायचा, पाठ पुढं करून."

तिने दोनदा पाहिला. मग ताम्हनातला शाळिग्राम उचलून त्याच्या छिद्रात डोकावली आणि म्हणाली, "म्हणजे जाताना मागचंच बघत जायचा बिचारा."

तुमच्या देवघरात शाळिग्राम असेल तर आज नीट बघा. तो चपटा आहे की फुगीर? पण लक्षात ठेवा, गोटा नदीने घासलेला असतो. शंखाचा आकार आतल्या चक्रावरून ओळखायचा. भेटू पुढच्या भागात!