‘डॉक्टर, सलाईन लावा’ : शरीरातल्या खाऱ्या पाण्याची गोष्ट

जुलाब-उलट्यांचा रुग्ण आला की नातेवाईक आधी म्हणतात, "डॉक्टर, एक सलाईन लावाच." हातात ओआरएसचं पाकीट ठेवलं की त्यांचा चेहरा उतरतो. "नुसतं पाणीच?" आज या पाण्याचा इतिहास सांगतो.

१८३१ साली कॉलरा इंग्लंडमध्ये पोहोचला. तेव्हा उपचार म्हणून रुग्णाचं रक्त काढत असत! ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं. त्यातले पाणी आणि क्षार जुलाबावाटे निघून गेले होते. ते वाचून स्कॉटलंडमधील लीथच्या डॉ. थॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. थोड्याच वेळात तिला तरतरी आली. पण जुलाब चालूच राहिले, भरपाई मात्र थांबली आणि काही तासांत ती दगावली. पुढे त्यांचे काही रुग्ण वाचले, तरी ही पद्धत मागे पडली.

मिठाच्या पाण्यात एवढं काय आहे? याचं उत्तर फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांच्या विचारात सापडतं. आपल्या पेशी बाहेरच्या हवेत राहत नाहीत. त्या शरीरातल्या खारट द्रवात राहतात. बाहेर ऊन असो वा थंडी, हा द्रव स्थिर राहतो, म्हणून आपण जगतो. १९२६ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी या समतोलाला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं. रक्तातलं सोडियम शरीर साधारण १३५ ते १४५ च्या दरम्यान ठेवतं. पाणी कमी पडलं की तहान लागते आणि मूत्रपिंडं लघवी कमी करतात. जुलाबात मात्र तूट इतकी वेगाने होते की हे उपाय अपुरे पडतात.

मग तोंडाने दिलेलं पाणी आतड्यात जिरेल का? १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात. त्यांच्यामागे पाणीही जातं. कॉलऱ्यातही हा दरवाजा उघडा असतो. म्हणून ओआरएसमध्ये साखर असते. ती चवीसाठी नसते.

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपांत भरून ठेवलं. ते नातेवाईकांनीच रुग्णांना पाजलं. सुमारे ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

म्हणून पाकिटाला कमी लेखू नका. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवा आणि घोटघोट पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. रुग्ण गुंगीत असेल, काहीच पोटात ठरत नसेल, लघवी बंद झाली असेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर मात्र लगेच दवाखाना गाठा. तेव्हा सलाईन मी स्वतःहून लावीन!