फुप्फुसाचा कर्करोग

श्वासनलिका किंवा वायुकोश यांच्या अस्तरातील पेशी अनिर्बंध वाढून होणारा रोग. 2022 मध्ये जगात याचे सुमारे 25 लाख नवे रुग्ण आढळले व 18 लाखांच्या आसपास माणसे दगावली. कर्करोगाच्या बळींत याचा क्रमांक पहिला लागतो. धूम्रपान हे त्याचे मुख्य कारण. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी 1950 मध्ये इंग्लंडमधील रुग्णांच्या पाहणीतून हा संबंध मांडला; त्यावर पुढे धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती एकाच आनुवंशिक घटकातून येत असेल, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी घेतला. आक्षेप तर्काला धरून होता. पण सिगारेट सोडणाऱ्यांचा धोका वर्षागणिक उतरत जातो, हे पुढे ब्रिटिश डॉक्टरांच्या दीर्घ पाहणीत दिसले. सवय सुटल्याने आनुवंशिकता बदलत नाही, म्हणून तो आक्षेप टिकला नाही.

तरीही हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग ठरवणे चूक आहे, आणि रोगाचे प्रकारच ते दाखवतात. सुमारे 15 टक्के रुग्णांत आढळणारा, झपाट्याने पसरणारा लघुपेशी कर्करोग बहुतेक वेळा धूम्रपानातूनच होतो. मोठ्या श्वासनलिकांतील शल्कपेशी कर्करोगाचेही धूम्रपानाशी घट्ट नाते आहे. अ‍ॅडेनोकार्सिनोमा मात्र बहुधा फुप्फुसाच्या कडेच्या भागात होतो आणि कधीही धूम्रपान न केलेल्यांत, विशेषतः आशियाई स्त्रियांत, हाच प्रकार अधिक दिसतो. चीनच्या युन्नान प्रांतातील श्वेनवेई भागात धूम्रपान न करणाऱ्या बायकांत या रोगाचे प्रमाण विलक्षण होते. घरात धुरकट कोळसा जळत असे. चुलींना धुराडी बसवल्यावर धोका घटला. रेडॉन वायू, अ‍ॅस्बेस्टॉस आणि शहरांतली दूषित हवा हीदेखील सिद्ध झालेली कारणे आहेत. त्यांवर भर दिल्यास तंबाखूला पळवाट मिळेल, अशी भीती काहींना वाटते. ती अनाठायी आहे: अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्याने धूम्रपान केले, तर दोन्हींचे धोके एकमेकांना वाढवतात.

हा फक्त धूम्रपान करणाऱ्यांचा रोग आहे, या गैरसमजाची किंमत निदानाच्या वेळी मोजावी लागते. फुप्फुसाच्या ऊतीला वेदना जाणवत नसल्याने गाठ बराच काळ गप्प राहते. मग न हटणारा खोकला, बेडक्यातून रक्त, धाप, घोगरा आवाज, वजनात घट ही लक्षणे दिसतात. मेंदू, हाडे, यकृत व अधिवृक्क ग्रंथींत रोग पसरतो. भारतात हीच लक्षणे क्षयाची मानली जाऊन काहींना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जातात. कधीही विडी न ओढलेल्या बाईच्या बाबतीत तर कर्करोगाची शंका आणखी उशिरा येते. वास्तविक तिच्याच गाठीत ईजीएफआर जनुकातला बदल सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि त्यावर नेमके काम करणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत.