आवाज कुणाचा?

मंडळी, लावणीची गोष्ट सांगायला आम्हाला पुण्या-मुंबईपासून सुरुवात करायची गरज वाटत नाही. राम जोशी सोलापूरचेच. ब्राह्मण घरातला, संस्कृत शिकलेला माणूस अठराव्या शतकात तमाशाच्या फडात शिरतो, ही गोष्ट पुढे सिनेमालाही पुरली. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ आला आणि तमाशापटांची वाट मोकळी झाली.

इथे आम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. फडात नाचते तीच गाते. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांचा गळा आणि पाय वेगळे काढताच येत नव्हते. समोरच्यानं दाद दिली की ओळ लांबायची, नाही दिली की आखडायची. सिनेमानं ही जोडी फोडली. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये नाचल्या जयश्री गडकर, आवाज आशा भोसल्यांचा. १९७२च्या ‘पिंजरा’त संध्या आणि उषा मंगेशकर. गाणी उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. पण मग गावोगावचा प्रेक्षक फडासमोर बसून सिनेमातलीच लावणी मागू लागला. जिची कला पडद्यावर गेली, तिलाच पडद्याची नक्कल करावी लागली! याला लोककलेचा प्रसार म्हणायचं का? आम्हाला तरी जड जातं.

कॅसेट आली आणि उलटा प्रकार झाला. टेप स्वस्त, छापायला सोपी, एसटी स्टँडवर मिळणारी. मंगळवेढ्याकडच्या प्रल्हाद शिंद्यांचा आवाज तिनं घराघरात नेला. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं एकाच गळ्यातून. आमच्यासारखे वर्गात सौंदर्यशास्त्र शिकवणारे त्या गाण्यांचं नावही घेत नसत.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही बरं का. इंडोनेशियात त्याच सुमारास रोमा इरामांचं ‘दांगदुत’ कॅसेटवर गाजत होतं. त्यात मलय सूर, आपल्या हिंदी सिनेमाचा ठेका आणि इलेक्ट्रिक गिटार. तिथल्या शहाण्यासुरत्यांनी त्याला ‘कांपुंगान’ म्हटलं. म्हणजे गावंढळ. शब्द ओळखीचा वाटतो ना?

२०१६ साली करमाळ्याजवळच्या जेऊरच्या नागराज मंजुळ्यांचा ‘सैराट’ आला. अजय-अतुलच्या त्या संगीतासाठी वाद्यवृंद लॉस एंजलिसला वाजला. आज मंद्रूपच्या वरातीत तेच गाणं डीजेवर लागतं, मराठी आणि कानडी पोरं एकत्र नाचतात, आणि ढोलकीवाला बाजूला उभा राहून बघतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. पहिला मान मागच्या रांगेतल्या वाजंत्री मंडळींचा.