स्विंगचे वाद्यवृंद आणि आपले संगीत

नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या सुशिक्षित कुटुंबास संगीताचे दोन प्रकार ठाऊक असतात. एक बैठकीचे गायन, ज्याविषयी आदराने बोलावयाचे. आणि दुसरा लग्नाच्या वरातीपुढे चालणारा बँड, ज्याविषयी बोलावयाचेच नाही. पहिल्यास घराण्यांची वंशावळ आहे, दुसऱ्यास नाही. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, पण त्यापूर्वीच, १८२१ साली, शेजारी कामठीस इंग्रजांची छावणी वसली होती. आणि आपल्या वरातींतील कॉर्नेट व क्लॅरिनेट ही वाद्ये अशा लष्करी वाद्यवृंदांकडूनच आपल्याकडे आली. आम्हांस ज्या संगीताविषयी लिहावयाचे आहे ते या बँडचे जवळचे नातलग होय. त्याचे नाव जॅझ, आणि त्याच्या नृत्यास अनुकूल अशा एका रूपाचे नाव स्विंग.

स्विंगची घटना समजून घेतल्यावाचून पुढील इतिहास नीट कळणार नाही. बारापंधरा वादकांचा ताफा असतो. एका बाजूस ट्रंपेट व ट्राँबोन ही पितळी वाद्ये, दुसऱ्या बाजूस सॅक्सोफोन, आणि मागे ताल धरणारे पियानो, गिटार, बास व ड्रम. एका गटाने प्रश्न करावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे, असा त्यांचा संवाद चालतो. बहुतेक भाग आधी लिहिलेला असतो; तथापि मधूनच एखादा वादक उठून उभा राहतो आणि ठरलेल्या मात्रांच्या चौकटीत स्वतःच्या मनाने वाजवितो. चौकट आवर्तनासारखी पुनःपुन्हा फिरते, आणि वादकाने भटकून वेळेवर घरी यावयाचे असते. ख्यालातील उपज व सम यांची ओळख असलेल्या श्रोत्यास हे परके वाटण्याचे कारण नाही. भेद एवढाच की आपला गायक रागाच्या आधाराने हिंडतो, तर हा वादक एकामागून एक बदलणाऱ्या स्वरसंगतींच्या आधाराने. मात्रा किंचित मागे-पुढे झुलवून चालीत जो झोका आणतात, तोच स्विंग.

अमेरिकेत या संगीताची लाट १९३५ साली उसळली. त्याच वर्षी लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. ज्यांस स्वदेशी वर्णद्वेषामुळे पावलोपावली अपमान सोसावा लागे, त्यांस युरोपात व आशियात कलावंत म्हणून मान मिळे. म्हणून ते इतके दूर आले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास गेला, आणि १९४५ साली पटकीने तेथेच मरण पावला.

ताजमधील श्रोते बहुधा युरोपियन, पारशी व संस्थानिक. परंतु या पाहुण्यांचे खरे शिष्य निराळेच होते. ते गोव्याहून आलेले ख्रिस्ती तरुण. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची चाल शतकानुशतके होती. प्रार्थनासंगीतासाठी दिलेल्या या विद्येने गोमंतकीय मुलास एक असे सामर्थ्य दिले की जे त्या काळी आपल्या थोर गवयांपाशीही क्वचितच होते: कागदावरील अनोळखी संगीत पाहताक्षणी वाजविणे. गावी पोट भरेना, म्हणून ही मुले मुंबईस येत. धोबीतलावाजवळच्या जेर महालासारख्या इमारतींत गावोगावच्या ‘कुडां’मध्ये उतरत, आणि मिळेल तेथे वाजवीत.

त्यांतील काही नावे आपण लक्षात ठेविली पाहिजेत. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्धीस आला. त्याच्या ट्रंपेटवर लोक इतके लुब्ध होते की त्यास हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मिकी कोरिया याच्या ताफ्याने १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमध्ये वादन केले. सबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरात वाजवीत असे. फ्रँक फर्नांड याची १९४६ साली मसुरीस गांधीजींशी भेट झाली, आणि आपला जॅझ भारतीय वळणाचा झाला पाहिजे असे तेव्हापासून त्याच्या मनाने घेतले.

हे वळण प्रत्यक्षात आले ते चित्रपटसंगीतात; आणि येथेच नागपूरचा संबंध येतो. पलुस्करांच्या परंपरेतील शंकरराव सप्रे यांच्यापाशी नागपुरात जे विद्यार्थी शिकले, त्यांत वसंतराव देशपांडे होते, आणि पुणतांब्यास १९१८ साली जन्मलेले राम चितळकरही होते. हेच चितळकर पुढे सी. रामचंद्र झाले. एकाच गुरूच्या पंक्तीतून एक जण रंगभूमीच्या व बैठकीच्या वाटेने गेला, दुसरा मुंबईच्या स्टुडिओत शिरला; तेथे त्यास चिक चॉकलेट हा साहाय्यक भेटला. ‘शहनाई’ (१९४७) या चित्रपटातील रविवारचे गाणे, ‘पतंगा’ (१९४९) मधील रंगूनच्या टेलिफोनचे गाणे, आणि भगवान पालव यांचा ‘अलबेला’ (१९५१) हा अवघा चित्रपट ही त्या सहवासाची फळे. ‘अलबेला’मध्ये चिक व त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात.

यावर आक्षेप असा की ही पाश्चात्यांची नक्कल होय. आक्षेप अगदीच निराधार नाही. ‘समाधि’ (१९५०) मधील गाजलेल्या एका गीताची चाल एडमंडो रॉस याच्या लॅटिन अमेरिकन गीतावरून घेतलेली आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु नक्कल करणारा तेवढ्यावरच थांबतो. रामचंद्र थांबले नाहीत. ज्या हाताने त्यांनी ‘अलबेला’ केला त्याच हाताने दोन वर्षांनी ‘अनारकली’ केला, आणि १९६३ साली दिल्लीत लताबाईंनी गायिलेले प्रदीपांचे हुतात्म्यांचे गीतही त्यांच्याच चालीचे. ज्याच्या पायाखाली स्वतःची भूमी पक्की असते तोच परक्या अंगणात निर्भयपणे नाचू शकतो. १९५२ नंतर नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. शास्त्रीय संगीतास आश्रय देण्याचा त्यांचा हेतू स्तुत्य होता. पण श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि बंदीने अभिरुची घडत नाही एवढेच सिद्ध झाले.

आमच्या मते खरा प्रश्न नकलेचा नसून श्रेयाचा आहे. संगीतदिग्दर्शक चाल गुणगुणून दाखवी. ती कागदावर उतरविणे, कोणत्या वाद्याने कोठे बोलावे हे ठरविणे, मधल्या रिकाम्या जागा भरणे आणि प्रत्येक वादकाच्या हाती त्याचे पान देणे, हे काम गोमंतकीय संयोजकाचे. सबॅस्टियन डिसोझा याने शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षे केले. तरी तबकडीवर या मंडळींची नावे नसत, आणि पडद्यावर आली तर ओझरती. माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण तर विलक्षण आहे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली एका चित्रपटगीतात गुरूचे नाव गुंफले. साऱ्या देशाने ते नाव हसत हसत गायिले. पण ते एका जिवंत, विद्वान संगीतशिक्षकाचे नाव आहे हे फारच थोड्यांस ठाऊक होते.

१९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याने मुंबईच्या नृत्यगृहांस पहिला धक्का दिला, आणि पुढे रुची पालटत गेली. स्टुडिओंतील मोठे ताफेही विद्युत्‌वाद्यांपुढे ओसरले. आज लग्नसमारंभांत हौसेने जुन्या स्विंगचा ताफा बोलावितात, पाहुणे चार घटका रमतात, आणि हे सारे विलायतेहून आलेले आहे असे समजून घरी जातात.

तसे समजणे अपुरे आहे. त्या सुरांत अमेरिकेतील एका पीडित समाजाचे दुःख व उल्हास आहे, गोव्याच्या चर्चमधील शिस्त आहे, आणि नागपूरच्या एका गायनशाळेतील पलटेही आहेत. आपल्या घराण्यांच्या वंशावळी आपण जपतो ते योग्यच होय. पण ज्यांच्या फुंकरीवर आपल्या दोन पिढ्यांची तरुणाई झुलली, त्यांची नावे त्या वहीत एका पानावर तरी लिहिली जावीत, हे केवळ औदार्य नव्हे. ते आपणांवरचे ऋण आहे.