कुत्र्यांमधील अन्नाची ॲलर्जी

आहारातील एखाद्या घटकाला, बहुधा प्रथिनाला, कुत्र्याच्या रोगप्रतिकार यंत्रणेकडून मिळणाऱ्या अनिष्ट प्रतिसादास अन्नाची ॲलर्जी म्हणतात. हा घटक बहुतेक वेळा नवा नसून कुत्र्याच्या नेहमीच्या आहारातलाच असतो.

लक्षणे

वर्षभर टिकणारी खाज, पंजे सतत चाटणे व कानांचा वारंवार होणारा दाह ही प्रमुख लक्षणे होत. काही कुत्र्यांना उलट्या किंवा जुलाबही होतात. पिसवांमुळेही अशीच खाज सुटत असल्याने त्यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

कारक घटक

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २९७ कुत्र्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांत गोमांस (३४ टक्के), दुग्धजन्य पदार्थ (१७ टक्के), कोंबडीचे मांस (१५ टक्के) व गहू (१३ टक्के) हे घटक अधिक आढळले. महाराष्ट्रात अनेक घरांत कुत्र्याला दिल्या जाणाऱ्या दूध-पोळीत यांपैकी दोन घटक एकत्र येतात.

निदान

रक्त, लाळ किंवा केस यांच्या चाचण्यांवरून या ॲलर्जीचे खात्रीशीर निदान होत नाही. त्यासाठी पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किमान ८ आठवडे वर्जन आहार दिला जातो. या काळात बिस्किटे, ताटातील उष्टे व स्वादयुक्त औषधी गोळ्या पूर्णपणे बंद ठेवाव्या लागतात. एका घासानेही चाचणी निष्फळ ठरू शकते. खाज थांबल्यावर पूर्वीचे अन्न पुन्हा देऊन पाहतात. लक्षणे परतल्यास निदान निश्चित होते. त्यानंतर एकेक घटक स्वतंत्रपणे देऊन नेमका दोषी घटक शोधला जातो.

खाद्याची निवड

वर्जन आहार दोन प्रकारचा असतो. पहिल्यात कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले प्रथिन निवडतात. दुसऱ्यात प्रथिनांचे जलविघटनाने इतके बारीक तुकडे केलेले असतात, की रोगप्रतिकार यंत्रणा ते सहसा ओळखत नाही. बाजारातील साध्या खाद्यांत वेष्टनावर न छापलेल्या मांसाचे अंश आढळले असल्याने चाचणीसाठी पशुवैद्यकीय आहार अधिक विश्वासार्ह मानला जातो. ‘धान्यविरहित’ असा उल्लेख असलेले खाद्य ॲलर्जीमुक्त असतेच असे नाही, कारण त्यात कोंबडीचे किंवा अन्य मांस असू शकते.

घरगुती आहार

घरी शिजवलेल्या अन्नात कॅल्शियमसारखी पोषकद्रव्ये कमी पडू शकतात. म्हणून दीर्घकाळासाठी त्याची आखणी तज्ज्ञांकडून करून घेणे आवश्यक असते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यांना विषारी असल्याने ते पूर्णतः वर्ज्य आहेत.