चार चौरस सेंटीमीटर कातडी

जून २०१५. जर्मनीतलं बोखुम शहर. भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात तुम्ही गाऊन, मास्क, हातमोजे घालून उभे आहात. समोर खाटेवर सात वर्षांचा मुलगा आहे, सीरियातून आलेल्या कुटुंबातला. तो भाजलेला नाही. त्याच्या कातडीचा वरचा थर खालच्या थराला धरूनच राहत नाही. जन्मापासून कपडा घासला तरी फोड येतात. त्यात आता जिवाणूसंसर्ग झालाय. बघता बघता अंगावरची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा जाणार आहे. वडिलांची त्वचा लावून पाहिली जाईल, पण शरीर ती नाकारेल. डॉक्टर फक्त वेदना कमी करण्याची भाषा बोलू लागतील. आईवडील मात्र मागे हटणार नाहीत.

आता चाळीस वर्षं मागे जा. १९७५, अमेरिकेतली एमआयटी. हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचा विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड काचेच्या बशीत माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवतायत. एकट्या ठेवल्या की या पेशी फार काळ तगत नाहीत. म्हणून खाली उंदराच्या पेशींचा थर आहे. किरणोत्साराने त्यांचं विभाजन थांबवलंय, पण त्या जिवंत आहेत आणि वरच्यांना पोसतायत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. फरशा जडवाव्यात तशा पेशी एकमेकींना चिकटून बसल्यात आणि बेटं पसरत चाललीयत. १९८३ साली याच पद्धतीने बॉस्टनमध्ये जवळजवळ सगळं अंग भाजलेले दोन छोटे भाऊ वाचतील.

परत २०१५, आता इटलीतलं मोदेना. मिकेले दे लुका यांच्या प्रयोगशाळेत बोखुमहून एक नमुना आलाय: मुलाच्या जांघेतली, फोड नसलेली, जेमतेम चार चौरस सेंटीमीटर त्वचा. दे लुका ग्रीन यांच्याच हाताखाली शिकलेले. पण इथे नुसती वाढवून भागणार नाही, कारण प्रत्येक पेशीत तोच दोष आहे. थर चिकटवून ठेवणारं लॅमिनिन हे प्रथिन घडवणारं एक जनुक बिघडलंय. म्हणून विषाणूच्या वाहकातून त्याची निर्दोष प्रत पेशींमध्ये सोडतात. मग रोजची देखभाल. पेशींची गर्दी व्हायच्या आत त्या सोडवून नव्या बशीत पेराव्या लागतात. इथे हयगय झाली तर मूलपेशी हरवतात, आणि उरते ती वरून छान दिसणारी, पण काही आठवड्यांत झडून जाणारी कातडी.

ऑक्टोबरमध्ये तुम्ही बोखुमच्या शस्त्रक्रियागृहात आहात. फायब्रिनच्या पातळ पडद्यावर वाढवलेले तुकडे डॉक्टर हातापायांवर अलगद अंथरतायत. अजिबात घाई नाही. नोव्हेंबरमध्ये पाठ. जानेवारी २०१६ मध्ये उरलेल्या जागा. तेवढ्याशा नमुन्यातून एकूण ०.८५ चौरस मीटर त्वचा उभी राहिली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये अहवाल आला, तोवर मुलगा शाळेत जातोय, फुटबॉल खेळतोय. खरचटलं तर इतर मुलांसारखंच भरून येतं. मला मात्र अहवालातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. नवं जनुक प्रत्येक पेशीत वेगळ्या ठिकाणी बसलं होतं, त्यामुळे तिची वंशावळ शोधता आली. बहुतेक पेशींचे वंश काही महिन्यांत संपले. साधारण महिन्याभरात कात टाकणारी ही त्वचा निवडक मूलपेशींच्या जोरावर टिकली. म्हणजे मोदेनात रोज बशा बघणाऱ्या माणसांनी खरं राखलं ते या मूठभर पेशींना.

मूत्रपिंडाची वाट बघणाऱ्या माणसाला हे सांगाल तेव्हा तो विचारेल, ‘मग माझं कधी?’ त्याला आशेच्या भरात तारीख देऊ नका. बाह्यत्वचा कागदासारखी पातळ असते. तिला रक्तवाहिन्याच नसतात, खालच्या थरातून झिरपलेल्या पोषणावर ती जगते. मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या, प्रत्येकीत केशवाहिन्यांचा गुंता, आणि त्यातून सतत रक्त खेळायला हवं. मूलपेशींपासून मूत्रपिंडाचे बारीक गोळे आज प्रयोगशाळेत होतात, पण त्यांना रक्तपुरवठ्याशी आणि मूत्रमार्गाशी जोडून कामाला लावणं अजून साधलेलं नाही. बोखुमला कातडी तगली, कारण खालचा थर तिला पोसत होता. मूत्रपिंडाला तसा आधार कोणी तयार ठेवलेला नाही. अवयवासोबत तोही घडवावा लागेल.