ड्रायव्हर, दांडी आणि बटण क्रमांक १

गेम कंट्रोलर चालला नाही की आपण काय करतो? ड्रायव्हर काढतो, परत टाकतो, मशीन रीस्टार्ट करतो. मंडळी, पण हे दुखणं मुळात आलं कुठून?

१९८१ साली आयबीएमने आपल्या पीसीसाठी गेम कंट्रोल अ‍ॅडॉप्टर नावाचं वेगळं कार्ड काढलं. १५ पिनांचा कनेक्टर, ४ अक्ष, ४ बटणं. गंमत म्हणजे दांडी कुठे आहे हे ते कार्ड सांगतच नसे! प्रोसेसरने पोर्टवर काहीतरी लिहायचं, की कार्डावरचा कपॅसिटर चार्ज व्हायला लागे. दांडी जशी हलेल तसा रोध बदले आणि चार्जिंगचा वेळही. तो वेळ प्रोसेसर बिचारा लूपमध्ये मोजत बसे. साहजिकच, जॉयस्टिक तीच पण मशीन वेगवान, की आकडा वेगळा. 'दांडी डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा' हे कॅलिब्रेशन आलं ते यातूनच.

१९९६ साली यूएसबी आलं. आता मोजणी कंट्रोलरच्या आतच होऊ लागली आणि 'मला इतके अक्ष, इतकी बटणं' हेही तो स्वतःच सांगू लागला. छान! पण बटण क्रमांक १ म्हणजे उडी की गोळी? ते कुणी सांगायचं?

२००५ साली एक्सबॉक्स ३६० बरोबर मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुट आणलं. बटणांचा साचा ठरला आणि गोंधळ मिटला. पण फक्त साच्यात बसणाऱ्यांचा. केवळ एक्सइनपुट ओळखणाऱ्या गेमला जुने गेमपॅड दिसेनात. त्यातच विंडोज व्हिस्टाने जुन्या गेमपोर्टचा आधार काढून घेतला. धडधाकट जॉयस्टिक अडगळीत गेल्या. मोडल्या नव्हत्या हो, त्यांची भाषा समजणारं कुणी उरलं नव्हतं. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

असो. या इतिहासाचा एक रोकडा फायदा आहे. विंडोजमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' चालवा आणि कंट्रोलरच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे दांडीबरोबर फुली हलतेय, बटणांचे दिवे लागतायत? मग ड्रायव्हर बहुधा ठणठणीत आहे, तो पुन्हा पुन्हा टाकून काही होणार नाही. घोळ भाषेचा आहे. काही गेमपॅडना 'एक्स' आणि 'डी' असं बटण असतं, ते आधी सरकवून बघा. 'डी' म्हणजे डायरेक्टइनपुट, आधीची बोली. आणि फुली हललीच नाही, तर मात्र केबल, पोर्ट आणि मग ड्रायव्हर... याच क्रमाने.